चाकावरची डावी वहाण

भुतंखेतं, अंगात येणं, गेलेल्या माणसानं स्वप्नात येऊन निरोप देणं — असलं काही सांगायला कुणी माझ्या दारात आलं की मी चहा देते आणि विषय बदलते. विषय बदलला नाही तर चहाही देत नाही. माझं निम्मं आयुष्य गावाबाहेर, कालव्याच्या चौकीत गेलं. चौकीमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणून गावातल्या बाया वळसा घालून जायच्या. त्या चिंचेचा कोळ मी तीस-बत्तीस वर्षं आमटीत घातला. हडळ मला कधी दिसली नाही. मी तिला दिसले असेन आणि ती उठून गेली असेल, ते माहीत नाही.

तर अशी मी, आणि आज या असल्याच अनुभवांच्या ग्रुपवर लिहायला बसलेय. माझ्या मुलीला, वैशालीला, हा ग्रुप वाचायची सवय आहे. ती म्हणाली, "आई, तू लिहीच. लोक काय काय लिहितात, आपलं तर डोळ्यांदेखत झालंय." मी वहीत लिहिलं, तिनं टाईप केलं. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं. एकही वाक्य गोड करायचं नाही अशी तिला ताकीद आहे.

आधी आमच्या ह्यांचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हे पाटकरी होते. नगर जिल्ह्यात, मोठ्या कालव्यावर. पाटकरी म्हणजे पाण्याची पाळी सांभाळणारा माणूस — कालव्यातून फाट्याला पाणी सोडायचं, पाळी संपली की बंद करायचं. फाट्याच्या तोंडाशी लोखंडी दार असतं आणि ते उचलायला वर एक चाक. दारामागे जमिनीखालून मोरी जाते, मोरीला जाळी. त्या जाळीत फांद्या, गवत, मेलेली कुत्री, काय वाट्टेल ते अडकतं. ते काढायला खाली उतरावं लागतं. आणि खाली उतरलेला माणूस वर चाकापाशी उभा असलेल्याला दिसत नाही.

म्हणून त्या लोकांत एक पद्धत होती. उतरायच्या आधी आपली एक वहाण चाकाला अडकवायची. चाकावर वहाण दिसली की चाकाला कुणी हात लावायचा नाही, मग साहेब असो नाहीतर मंत्री. आणि ज्याची वहाण त्यानंच वर येऊन काढायची. दुसऱ्यानं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. बाकीचे हाताला येईल ती लावायचे. हे नेहमी डावी लावायचे. जुन्या टायरची, जाड, काळी वहाण. डावीच का, ते मी कधी विचारलं नाही.

लग्न होऊन चौकीत आले तेव्हा ही पद्धत मला कुणी सांगितली नाही. पहिलंच वर्ष होतं. रब्बीचं पहिलं पाणी सुटायचा दिवस. साहेब जीपमधून येणार, त्यांच्या मंडळी येणार, नारळ फुटणार, चाकाची पूजा होणार. हे पहाटेपासून कामात. मला सांगितलं, हळदकुंकवाचं ताट घेऊन जा आणि चाकाची पूजा मांड. गेले. बघते तर चाकाला वहाण लटकलेली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांच्या मंडळी बघतील, पूजेच्या चाकाला जोडा! म्हणतील, हेच का नव्या नवरीचं वळण. मी ती वहाण काढली, भिंतीआड नीट ठेवली, हात धुतले, चाक पुसलं, हळदकुंकू वाहिलं. साहेबांनी नारळ फोडला. चौकीदारानं चाक फिरवलं.

हे खाली होते.

जाळी उचललेली होती, पाण्यानं ह्यांना सरळ मोरीतून ओढून नेलं. चाळीसेक हात पलीकडे बाहेर निघाले. तिथे धुणं धुणाऱ्या बायांनी धोतराला धरून ओढलं, म्हणून वाचले. डाव्या कानातून रक्त आलं. तो कान कायमचा गेला.

संध्याकाळी सगळे चौकीत जमले. चौकीदार रडत होता, "वहाण नव्हती हो, पोरांची शप्पथ, नव्हती." तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते. मी दारात उभी होते. एका म्हाताऱ्या पाटकऱ्यानं ह्यांना विचारलं, "का रे, लावली नव्हतीस का?" हे म्हणाले, "लावली होती. वाऱ्यानं पडली असंल."

त्या दिवशी झाडाचं पान हललं नव्हतं.

मी काही बोलले नाही. ह्यांनी काही विचारलं नाही. एकच बदल झाला. त्या दिवसापासून चाकाला वहाण लावली की हे आधी चौकीच्या दारात यायचे आणि म्हणायचे, "लावलीय हं." मी म्हणायची, "बरं." मग खाली उतरायचे. काम झालं, वर आले, की तिथूनच ओरडायचे, "काढली!" ते ऐकू येईपर्यंत मी चुलीवर तवा ठेवायची नाही. रिटायर होईपर्यंत एवढंच. लावलीय हं, बरं, काढली.

आणि माझा आवाज मोठा झाला. इथे अमेरिकेत लोक हसतात. शेजारची बाई वैशालीला विचारते, तुझी आई रागावली आहे का? रागावले नाही. एका कानाच्या माणसाशी संसार केलेला आवाज आहे तो.

हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. आठवड्याच्या आत मी त्यांच्या वहाणा आमच्या फाट्यावरच्या नव्या पाटकऱ्याला देऊन टाकल्या. माणूस नाही तर वहाणा कशाला ठेवायच्या? फक्त त्यांची वेळूची काठी मी घेतली, कारण मला काठी लागतेच. पाणी किती खोल आहे ते बघायला त्यांनी तिच्यावर सुरीनं खुणा केल्या आहेत. ती काठी मी विमानातून आणली. आठवण म्हणून नाही, चालायला म्हणून.

आता इकडचं सांगते. मी मुलीकडे श्रूजबरीला राहते. मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. आपली माणसं पुष्कळ, पण सगळी कामाला जाणारी. दिवसभर मी आणि खिडकी. नात लांब कॉलेजात. जावई प्रशांतराव नागपूरचे, कॉम्प्युटरचं काम करतात. फार बोलत नाहीत. पण सकाळी मी उठायच्या आत माझ्या थर्मासमध्ये गरम पाणी भरलेलं असतं, आणि ते कोण भरतं हे कुणी बोलत नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी वैशालीच्या मागे लागले होते, मला परत पाठव म्हणून. एका शनिवारी प्रशांतराव बूट घालता घालता म्हणाले, "आई, इकडे एक पाट आहे. पाहायला येता का जी?"

पाट म्हटल्यावर मी उठले.

श्रूजबरीहून गाडीनं पाऊण तासावर एक लहान गाव आहे. नाव लिहीत नाही, उगाच कुणी कॅमेरे घेऊन जायला नको. गावाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला जुना कालवा. दोन्ही शेजारून जातात, भेटत नाहीत. म्हणून फार पूर्वी कुणीतरी मधून एक छोटा फाटा खणला, की नदीतली नाव कालव्यात यावी आणि कालव्यातली नदीत. चालत निघालं तर वीस मिनिटांत संपतो. आमच्याकडचा फाटा शेतात जातो आणि जिरतो. हा कुठेच पाणी देत नाही.

मी म्हटलं, "एवढं पाणी आणि एक वाफा भिजत नाही? मग खणला कशाला?"

"सोयरीक आहे आई, दोन पाण्यांची," प्रशांतराव म्हणाले.

"मध्यस्थ फारच बुटका आहे."

ते हसले. जावई माझ्यासमोर हसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

नदी खाली आहे, कालवा वर. त्यामुळे मधे एक दगडी हौद बांधलाय, लॉक म्हणतात. दोन्ही टोकांना लाकडी दारं. वरच्या कालव्यातलं पाणी भिंतीतल्या मोरीतून हौदात सोडायचं, हौद भरला की वरची नाव आत घ्यायची, मग हौद रिकामा करायचा, पाण्याबरोबर नाव खाली उतरते. मोरीच्या तोंडाला लोखंडी दार. दार उचलायला चाक. अगदी आमच्या फाट्यावर होतं तसंच. मी चाकाला हात लावला. ग्रीस ताजं होतं. म्हटलं, इथे कुणीतरी नीट माणूस आहे.

तो नीट माणूस म्हणजे टॉमभाऊ. वय पंचाहत्तरच्या पुढे, मूळचे इंग्लंडचे. त्यांचे वडील तिकडे अशाच एका छोट्या फाट्यावर दारं सांभाळायचे. तोही नदी आणि कालवा जोडणाराच, म्हणे. आता इथे गावातली पाच-दहा माणसं शनिवारी जमतात, गाळ काढतात, दारं रंगवतात, उन्हाळ्यात लोकांना नावेतून फिरवतात. प्रशांतराव त्यांच्यातले एक. वैशाली कुरकुरते, "घरचा नळ महिनाभर गळतोय आणि हा गावाचं पाणी अडवायला जातो." पण तीही डबा घेऊन येते.

प्रशांतराव मला आई म्हणतात म्हणून टॉमभाऊही आई म्हणतात. त्यांना वाटतं माझं नावच ते आहे. त्यांना मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. पण दार कुठे अडकतंय, गाळ किती आलाय, हे सांगायला हात पुरतात. दर शनिवारी मी जायला लागले. परत पाठव म्हणायचं बंद केलं. वैशाली म्हणते, कधी बंद केलंस ते आम्हाला कळलंच नाही.

तर तो जूनमधला शनिवार. सकाळचे दहा, स्वच्छ ऊन. हौदातला गाळ काढायला आठवडाभर तो रिकामा ठेवला होता, तळाला घोटाभर पाणी. त्या दिवशी पहिल्यांदा भरायचा होता. वर कालव्यात नाव उभी, तिच्यात वीसेक माणसं नारिंगी जाकिटं घालून बसलेली. वैशाली त्यांना कॉफी देत होती. प्रशांतरावांनी हौदात उतरून सगळं तपासलं, वर आले, पलीकडच्या काठावरून वॉकीटॉकीत टॉमभाऊंना सांगितलं, ऑल क्लिअर. मी चाकाजवळच्या बाकावर बसले होते. काठी सापडत नव्हती. म्हटलं गाडीत राहिली असेल.

टॉमभाऊ चाकापाशी आले. थांबले. आधी चाकाकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. माझ्या पायात वैशालीनं आणलेले पांढरे बूट, दोन्ही जागच्या जागी.

"आई, शू?" त्यांनी बोटानं दाखवलं.

चाकाला वहाण लटकत होती. टायरची, काळी. डावी.

मी त्या बाकावर पाव तास बसले होते. चाक माझ्यापासून हातभर अंतरावर. ती आधी तिथे नव्हती. मी शपथ घेत नाही, पण इथे घ्यायला तयार आहे.

टॉमभाऊंनी ती काढायला हात पुढे केला आणि मी त्यांच्या हातावर चापट मारली. चांगली जोरात. फट्कन आवाज आला. नावेतली माणसं वळून बघायला लागली.

"नो!" म्हटलं. तिथे माझं इंग्रजी संपलं. "खाली माणूस आहे!"

वैशाली कॉफीचा पेला हातात घेऊन धावत आली. "आई! तू त्यांना मारलंस?"

"चाकाला वहाण आहे."

"मग काढू दे ना त्यांना. कुणीतरी गंमत केली असेल."

"ज्याची त्यानं काढायची."

वैशालीनं तेव्हा नीट बघितलं. ती चौकीत वाढलेली पोर, तिला टायरची वहाण दाखवावी लागत नाही. तिचा आवाज उतरला. "ही... इथे कुठून आली?" मग लगेच सावरली. "आई, इथे वहाणा नाही लावत. इथे वॉकीटॉकी असतात. प्रशांतनं ऑल क्लिअर दिलंय. टॉमनी स्वतः ऐकलंय."

"प्रशांतराव कुठे आहेत?"

"असेल तिकडे, खालच्या दाराशी."

"मला दाखव."

ती मला काय दाखवणार? कुणीच दिसत नव्हतं. नावेवरचा माणूस घड्याळ दाखवून काहीतरी ओरडला. एक तरुण मुलगी आली, हसत हसत माझ्या कोपराला धरून मला बाकावर बसवायला लागली, म्हातारीला ऊन लागलं असं तिला वाटलं असणार. मी कोपर सोडवलं आणि सरळ चाकावर ओणवी होऊन त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. वहाण माझ्या पोटाखाली दाबली गेली. उन्हातला टायर तापलेला असतो. ही गार होती. ओली होती. पातळातून गारवा आत आला.

"आई, प्लीज. सगळे बघतायत," वैशाली रडकुंडीला आली.

"बघू देत."

टॉमभाऊंनी वॉकीटॉकीत प्रशांतरावांना हाक मारली. हौदाच्या पलीकडे बाकावर दुसरा वॉकीटॉकी पडला होता, त्यातून त्यांचाच आवाज परत आला. बाकावर माणूस नव्हता.

"बाथरूमला गेला असेल," वैशाली म्हणाली. पण तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

मग मी ओरडले. ह्यांच्या कामातली हाक होती ती, दार उचलायच्या आधी तीनदा द्यायची. "खाली कोण आहे होऽऽऽ!"

पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला पाण्यातली बदकं उडाली. तिसरी मी पोटातून काढली. तिच्यामागे, जमिनीखालून, अगदी माझ्या पायांखालून आवाज आला —

"आई? मी आहे जी! आलोच!"

वैशालीच्या हातातली कॉफी खाली पडली. टॉमभाऊ जिथे उभे होते तिथेच गवतात बसले.

प्रशांतराव हौदाच्या लोखंडी शिडीनं वर आले. कमरेपर्यंत गाळ, केसांत शेवाळ, पायात दोन्ही बूट. आणि हातात ह्यांची वेळूची काठी. मी मघाशी ती कठड्याला टेकवली होती, ती घसरून हौदात पडली आणि तरंगत मोरीत शिरली. मला कळलंही नाही. प्रशांतरावांनी पलीकडून पाहिलं. ऑल क्लिअर सांगून झालं होतं. म्हणाले, दोन मिनिटांचं काम, आईंना कळायच्या आत आणून ठेवू. वॉकीटॉकी भिजू नये म्हणून बाकावर ठेवला आणि उतरले. काठी मोरीत आत अडकली होती. गुडघ्यांवर रांगत गेले. टॉमभाऊ चाक फिरवायला आले तेव्हा लोखंडी दार त्यांच्या, म्हणजे प्रशांतरावांच्या, डोक्यापासून दोन हातांवर होतं. त्याच्यामागे अख्खा कालवा.

"काठीसाठी?" मी म्हटलं.

"बाबांची आहे ना जी."

"बाबा गेले, काठी गेली तर गेली. तुम्ही गेला असता तर या पोरीला मी काय सांगितलं असतं? काठी सापडली म्हणून?"

 मी त्यांच्या केसांतलं शेवाळ काढलं. जावयाच्या डोक्याला सासूनं हात लावायची आमच्यात पद्धत नाही. पण शेवाळ होतं.

हे सगळं होईपर्यंत मी चाक सोडलं होतं. टॉमभाऊ उठले, चाकाकडे गेले आणि चारी बाजूंनी बघायला लागले. वहाण नव्हती.

आम्ही गवतात बघितलं. बाकाखाली बघितलं. टॉमभाऊंनी लांब आकडा आणून पाण्यातही फिरवून बघितलं. त्यांनी काढली नव्हती, वैशालीनं काढली नव्हती, मी काढली नव्हती. तिघांनी पाहिली होती. माझ्या पातळाला पोटापाशी हाताएवढा ओला डाग होता आणि त्यात काळी माती. तिथली माती करडी आहे, वाळूची. ही आमच्याकडची असते तशी चिकट. आता तुम्ही म्हणाल फोटो कुठे. फोटो काढला नाही. घरी आल्या आल्या वैशालीनं सवयीनं पातळ मशीनमध्ये टाकलं. ते धुतलेलं, घडी केलेलं कपाटात आहे. त्याला आता साबणाचा वास येतो, दुसरं काही नाही.

गाडीत मी त्या दोघांना सांगितलं. पूजेच्या दिवशी वहाण मीच काढली होती, हे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं. वैशालीला एवढंच ठाऊक होतं की बाबा लहानपणी कधीतरी मोरीत वाहून गेले आणि कान गेला. 'लहानपणी' हेही मीच तिला सांगितलं होतं.

 मग वैशाली म्हणाली, "बाबांना माहीत होतं?"

"ते मूर्ख नव्हते."

"आणि कधीच बोलले नाहीत?"

"नाही."

ती खिडकीबाहेर बघत रडली. आवाज न करता. मी रडू दिलं. प्रशांतराव गाडी चालवत होते. सिग्नलला थांबले तेव्हा समोर बघतच म्हणाले, "पण आई, टॉमला तुम्ही बरी मारली. हात सुजला आहे त्याचा."

मग वैशाली हसायला लागली आणि मलाही आवरलं नाही.

घर जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "बाबाच होते ना गं?"

"मला काय माहीत? टायरच्या वहाणा सगळ्या सारख्याच दिसतात."

खरंच सारख्या दिसतात. प्रशांतरावांनी आठवडाभर शोध घेतला. त्या दिवशी तिथे आपल्याकडचं दुसरं कुठलं कुटुंब आलं होतं का, कुणाच्या पायात तसलं काही होतं का, जवळपास कुणी टाकून गेलं होतं का. त्यांनी सगळ्यांना विचारलं. इंजिनिअर माणूस आहे, सोडत नाही. काही निघालं नाही. टॉमभाऊंनी त्यांना विचारलं, त्या बुटाचा अर्थ काय होता? प्रशांतरावांनी आमची पद्धत समजावून सांगितली. टॉमभाऊंनी ते सगळं ऐकून घेतलं, म्हणे. मग म्हणाले, "माझ्या वडिलांच्या फाट्यावर अशी पद्धत असती तर बरं झालं असतं." पुढे काही सांगितलं नाही, आणि प्रशांतरावांनी विचारलं नाही. बरोबर केलं.

त्याच आठवड्यात टॉमभाऊंनी तिथे नियम केला. खाली उतरणाऱ्यानं डावा बूट चाकाला अडकवायचा. वॉकीटॉकी असो नसो.

आता शेवटचं. हे लिहावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले.

पुढच्या शनिवारी माझे गुडघे धरले होते म्हणून मी घरी राहिले. वैशाली बाजारात गेली होती. भाकरीचं पीठ मळत होते तेवढ्यात फोन वाजला. प्रशांतराव होते. मागे पाण्याचा आवाज.

"आई," म्हणाले, "लावलीय हं."

माझे हात पिठात होते. मी म्हटलं, "बरं."

फोन ठेवला नाही त्यांनी, बाकावर ठेवून उतरले असावेत. मी पाण्याचा आवाज ऐकत बसले. तवा ओट्यावर तसाच. दहा-बारा मिनिटांनी आवाज आला, "काढली, आई."

संध्याकाळी ते आले तेव्हा मी विचारलं, सकाळचं ते तुम्हाला कुणी सांगितलं? ते गोंधळले. "कुणी नाही जी. बूट लावला, वाटलं तुम्हाला सांगावं. तोंडात आलं ते बोललो." गाडीत मी त्यांना पूजेचं सांगितलं होतं, वहाणेचं सांगितलं होतं, कानाचं सांगितलं होतं. हे शब्द सांगितले नव्हते. ते माझे आणि ह्यांचे होते, मी आज पहिल्यांदा लिहितेय. वैशाली म्हणते, तिलाही ठाऊक नव्हते, ती त्या वेळी शाळेत असायची. कुणी म्हणेल, म्हातारीच्या तोंडून निसटलं असेल आणि ती विसरली असेल. म्हणा. दुसरं उत्तर मी शोधत नाही. हडळीवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही.

प्रशांतराव दर शनिवारी फोन करतात. मी "बरं" म्हणते. आणि "काढली" ऐकू येईपर्यंत गॅसवर तवा ठेवत नाही.